प्रोस्टेटचा त्रास तीन आठवडे नाही, मग दोन रात्री झोप नाही: असं का होतं?

प्रश्न: माझं वय ६७, निवृत्त शिक्षक, राहणार कोल्हापूर. दीड वर्षापूर्वी सोनोग्राफीत प्रोस्टेट ४८ ग्रॅम निघालं. तपासण्या करून डॉक्टरांनी कॅन्सरची शंका नाही असं सांगितलं आणि रोज रात्री जेवणानंतर टॅम्सुलोसिनची एक गोळी सुरू केली. फरक पडला, पण त्रास एकसारखा राहत नाही. कधी तीन-तीन आठवडे रात्रीतून एकदाच उठतो, धारही बरी असते. मग काही कारण नसताना दोन-तीन दिवस असे येतात की रात्रीत पाच वेळा उठावं लागतं, उभं राहिलं तरी लघवी सुरूच होत नाही, झाली तर थेंब थेंब. नंतर आपोआप कमी होतं. गोळी लागू पडत नाही का? गाठ वाढतेय का? एकदाचं ऑपरेशन करून मोकळं व्हावं का?

उत्तर:

सर, तुमच्या प्रश्नातल्या ‘काही कारण नसताना’ या शब्दांपासून सुरुवात करतो. कोल्हापुरात मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना सत्तावीस वर्षं मी हे ऐकत आलोय. शहरातले पेशंट तुमच्यासारखं सांगतात. खेड्यातले म्हणतात, “डॉक्टर, परवापतूर झ्याक हुतं बघा, आन् काल रातीला नुसता जीव गेला.” दहा मिनिटं नीट विचारपूस केली तर बहुतेक वेळा मागच्या दोन दिवसांत काहीतरी सापडतंच. प्रोस्टेटच्या आजारात चढउतार असतातच. वाईट दोन दिवस आले म्हणून गोळी हरली असं होत नाही आणि चांगले तीन आठवडे गेले म्हणून आजार गेला असंही होत नाही. हा आजार महिन्यांच्या हिशोबाने बघायचा असतो.

आता चढउतार का होतात ते सांगतो, कारण ते एकदा कळलं की निम्मी भीती जाते.

राजाराम बंधारा तुम्ही शंभरदा पाहिला असेल. दगडी खांब नदीत कायमचे उभे आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या मधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात आणि पाणी अडतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात आणि पाणी मोकळं होतं. खांब तेच, नदी तीच. पण आज बरगे किती बसलेत, त्यावर पाणी किती सुटणार हे ठरतं. तुमच्या प्रोस्टेटचं असंच आहे. ही ग्रंथी लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी, मूत्रनळीला चहूबाजूंनी वेढून बसलेली असते. तरुणपणी ती साधारण वीस ग्रॅमची, अक्रोडाएवढी. पन्नाशीनंतर बहुतेकांची हळूहळू वाढते. तुमची ४८ ग्रॅम झाली, म्हणजे खांब जाड झाले. ते एका रात्रीत जाड होत नाहीत आणि एका रात्रीत बारीकही होत नाहीत.

पण त्याच ग्रंथीत आणि पिशवीच्या तोंडाशी स्नायूंचे बारीक धागे असतात. ते आपल्या इच्छेवर चालत नाहीत. थंडी, ताण, भीती, काही औषधं यांनी शरीरातली एक ठरावीक मज्जासंस्था जागी झाली की हे धागे आवळतात. हे झाले बरगे. गाठ कालही ४८ ग्रॅमची होती, आजही तेवढीच आहे, पण आज बरगे जास्त बसलेत. टॅम्सुलोसिन हे आवळणं सैल करतं. खांबांना ते हात लावत नाही. म्हणून ते चार-आठ दिवसांतच गुण देतं, आणि म्हणूनच एखाद्या दिवशी आवळण्याचा जोर मोठा असला तर कमी पडल्यासारखं वाटतं.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगालाही एक गडी आहे, तो म्हणजे लघवीची पिशवी. अडथळ्याविरुद्ध वर्षानुवर्षं जोर लावून तिची भिंत जाड आणि चिडकी होते. साडेतीनशे-चारशे मिली आरामात धरणारी पिशवी दीडशेलाच ‘चला’ म्हणायला लागते. रात्री उठणं, घाईची लागणं, दारापर्यंत पोचेस्तोवर कपडे ओले होणं हे बरंचसं पिशवीच्या चिडण्यामुळे होतं. धार बारीक, सुरू व्हायला वेळ, थेंब थेंब हे अडथळ्यामुळे. तुमच्या वाईट रात्री दोन्ही एकदम होतात, म्हणून घाबरायला होतं.

मग बरगे कोण घालतं? सगळ्यात आधी सर्दीची गोळी सांगतो, कारण ती मी एकदा स्वतः चुकवली आहे.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी कागल भागातले एक शेतकरी माझ्याकडे यायचे. साठी ओलांडलेली. डिसेंबर-जानेवारीत विजेची पाळी रात्रीची, त्यामुळे मध्यरात्री उसाला पाणी पाजायला जायचे. पाय चिखलात, डोक्याला टॉवेल. एका खेपेला सांगत आले की चार दिवस सारखी लागतेय, होते मात्र थोडीच. मी घाईत होतो. वारंवार लागणं कमी व्हावं म्हणून पिशवी शांत करणारी एक गोळी जोडून दिली. आत लघवी किती उरते ते मोजलं नाही, आणि सर्दीला काय घेताय हेही विचारलं नाही. ते गावातल्या मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळी दिवसाला तीन वेळा घेत होते. चौथ्या दिवशी पहाटे लघवी पूर्ण बंद. ट्रॅक्टरवर बसून, पोटावर हात दाबून आले. नळी घातली तेव्हा पिशवीत नऊशे मिली होती. माणूस रडत होता. सर्दीची गोळी बंद केली, माझी गोळीही बंद केली, टॅम्सुलोसिन चालू ठेवलं, तिसऱ्या दिवशी नळी काढली आणि लघवी व्यवस्थित झाली. ऑपरेशन लागलं नाही. पण ती पहाट त्यांना भोगावी लागली ती माझ्यामुळे. तेव्हापासून त्रास वाढला म्हणून कुणीही आलं की माझा पहिला प्रश्न असतो: सर्दी-खोकल्याला काय घेतलंत?

सर्दीच्या बहुतेक मिश्र गोळ्यांत आणि सिरपांत दोन औषधं असतात. नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन किंवा तत्सम काही, आणि शिंका थांबवणारं क्लोरफेनिरामिन. पहिलं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि त्याच न्यायाने प्रोस्टेटचे धागेही आवळतं. दुसरं पिशवीचा जोर कमी करतं. खाली दार बंद, वर पंप मंद. पाकिटामागची नावं वाचायची सवय लावा. नुसतं पॅरासिटामॉल असेल तर लघवीच्या दृष्टीने चालतं. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. झोपेसाठी किंवा पायांच्या जळजळीसाठी दिलेल्या अ‍ॅमिट्रिप्टिलिननेही असं होतं. मात्र ते तुमच्या डॉक्टरांनी कारणाने दिलं असेल तर स्वतःहून बंद करू नका, त्यांना विचारा.

थंडी आणि पाऊस हे दुसरं कारण. गगनबावड्याकडून गार वारा सुटला, चार दिवस सूर्य दिसला नाही की माझी ओपीडी भरते. थंडीने धागे आवळतात, शिवाय घाम येत नाही, त्यामुळे प्यायलेलं पाणी जवळपास सगळं लघवीवाटे जातं. एप्रिल-मेमध्ये उलटं. घाम फार, लघवी कमी आणि गडद, मग उन्हाळी लागते, जळजळ होते, आणि माणसाला वाटतं प्रोस्टेट बिघडलं. त्यावर उपाय पाणी वाढवणं हाच असतो. पण लागेल म्हणून पाणी तोडणारे जास्त भेटतात. दाट लघवीने पिशवी आणखी चिडते, मग आणखी लागते. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी प्या. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाण्याची मर्यादा सांगितली असेल तर ती पाळा. यातलं बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत संपवा.

इथे गंगावेशीतल्या दूध कट्ट्याचा विषय काढावाच लागतो. रात्री फेरफटका मारून कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचं ही आपल्या गावची जुनी सवय, आणि तालमीत वाढलेल्या माणसाला तर ती सुटत नाही. माझे एक पेशंट, जुने मल्ल, रात्री साडेनऊला अर्धा लिटर दूध पिऊन झोपायचे आणि रात्री चार वेळा उठायचे. दोन वर्षं गोळ्या बदलून झाल्या होत्या. दूध सकाळच्या धारेला प्यायला लावलं. चारचं दोनवर आलं. दूध वाईट नाही, पण रात्री साडेनऊला प्यायलेलं अर्धा लिटर काहीही मध्यरात्रीनंतर बाहेर पडायला बघणारच. रविवारच्या पांढऱ्या-तांबड्या रश्श्याचंही लोक विचारतात. तिखटाने काहींच्या पिशवीला चुरचुर होते, काहींना काहीच होत नाही. मी सरसकट बंद करायला सांगत नाही, स्वतःचं बघा. मात्र रात्री चार वाट्या रस्सा म्हणजेही पाणीच, आणि मटणाच्या जेवणात भाजी-कोशिंबीर राहून जाते, दुसऱ्या दिवशी पोट साफ होत नाही. बद्धकोष्ठ हे लघवी अडण्याचं तिसरं, मोठं आणि दुर्लक्षित कारण आहे. गुदाशय भरलेला असला की पुढे पिशवीच्या तोंडावर दाब येतो. नुसतं पोट साफ झाल्यावर धार सुधारलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे.

चौथं कारण म्हणजे लघवी धरून ठेवणं. पुण्याला लग्न, पहाटे निघालेली गाडी, कुणाला थांबवायला लावायचं म्हणून माणूस साताऱ्यापर्यंत आवळून बसतो. पिशवी ताणली गेली की तिचा स्नायू दमतो, आणि उतरल्यावर तासभर उभं राहिलं तरी काही होत नाही. तुम्ही शिक्षक होता, तास संपेपर्यंत थांबायची सवय तुमच्या पेशात असतेच. ती आता सोडा. प्रवासात लागली नसली तरी दर अडीच-तीन तासांनी गाडी थांबवा. दारू घेणाऱ्यांचंही असंच होतं. लघवी भराभर तयार होते आणि भरल्याची जाणीव मात्र बोथट होते.

आता घरी करायची एक गोष्ट सांगतो. बाजारातून मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग आणा, पन्नास-साठ रुपयांत मिळतो. तीन दिवस, घरी असाल ते दिवस निवडून, प्रत्येक वेळी किती वाजता आणि किती मिली झाली ते वहीत लिहा. रात्रीची वेगळी खूण करा. काय, किती आणि कधी प्यायलात तेही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री किती वेळा उठलो एवढा आकडा टाका. आणि वाईट दिवस आला की त्याखाली मागच्या दोन दिवसांतलं लिहा: सर्दी, प्रवास, पोट साफ नाही, नवीन गोळी, जागरण. शाहूपुरीतल्या एका पेशंटच्या पत्नीने असं वर्षभर लिहिलं होतं. ती पानं माझ्यापुढे ठेवली तेव्हा कळलं की त्यांच्या आठ वाईट खेपांपैकी पाच खेपा गोळी संपल्यावर तीन-चार दिवस आणायची राहिली तेव्हाच्या होत्या. गृहस्थ मला नेहमी सांगत, “गोळी चालूच आहे की.” खोटं बोलत नव्हते. बरं वाटत होतं म्हणून त्यांच्या लक्षातच राहत नव्हतं. चांगल्या दिवसांचा धोका हा असा असतो.

या वहीतून अजून एक गोष्ट निघते. चोवीस तासांतल्या लघवीपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जर झोपेच्या वेळेत होत असेल, आणि दर वेळी तीनशे-चारशे मिली होत असेल, तर रात्री उठण्याचा दोष प्रोस्टेटचा नाही. शरीर रात्री जास्त लघवी बनवतंय. दिवसभर पाय खाली सोडून बसल्याने किंवा रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते आणि आडवं झाल्यावर ते पाणी रक्तात परत येऊन लघवी होतं. अशांनी दुपारी-संध्याकाळी तासभर पाय उंचावर ठेवून पडावं. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडणं यानेही रात्रीची लघवी वाढते. मधुमेहावरच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, तिच्याबरोबर पाणीही जातं. साखर वाढलेली असली तरी तेच. असल्या रात्रींवर प्रोस्टेटच्या गोळ्या वाढवत राहिलं तर पदरी फक्त चक्कर येते. उलट दर वेळी साठ-ऐंशी मिलीच होत असेल तर पिशवी चिडलेली आहे किंवा ती नीट रिकामी होत नाही.

तपासणीचे आकडेही असेच हलतात, हे फार थोड्यांना माहीत असतं. सोनोग्राफीला गेलं की “भरपूर पाणी प्या आणि धरून बसा” म्हणतात. माणूस दोन बाटल्या पितो. नंबर तासाभराने लागतो. तोवर कळ मस्तकात गेलेली असते. मग घाईघाईने लघवीला जाऊन येतो आणि रिपोर्टवर येतं, १८० मिली लघवी आत उरली. घरी सगळे हवालदिल. मी अशा माणसाला निवांत बसवतो, पुन्हा नेहमीसारखी लागली की जायला सांगतो आणि परत मोजतो. चाळीस मिली. अति भरलेली पिशवी कुणाचीच नीट रिकामी होत नाही. धारेच्या वेगाच्या तपासणीचंही तसंच. दीडशे मिलीच्या वर लघवी झाली तरच ती मोजणी धरायची, आणि दाराबाहेर रांग असताना केलेल्या एका मोजणीवर निर्णय घ्यायचा नाही. सेकंदाला पंधरा मिलीच्या वर वेग चांगला, दहाच्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता बरीच.

जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची एक गुणपत्रिका आहे. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच, एकूण ३५ गुण. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसच्या पुढे तीव्र. तुम्ही गुणपत्रिका आयुष्यभर तपासल्यात म्हणून मुद्दाम सांगतो, यात गुण जितके जास्त तितकं वाईट. आणि त्यातला प्रत्येक प्रश्न ‘गेल्या महिन्याभरात’ असं विचारतो. काल रात्री काय झालं हे विचारतच नाही. दर तीन महिन्यांनी भरा. तीन-चार गुणांनी वाढ झाली आणि पुढच्या वेळीही टिकली, तर तो खरा बदल. त्यासाठी डॉक्टरांकडे जा.

गाठ वाढतेय का, हा तुमचा दुसरा प्रश्न. दोन वाईट रात्रींवरून ते ठरत नाही. मुळात गाठीचा आकार आणि त्रास यांचं गणित जुळतच नाही. तीस ग्रॅमवाला रडकुंडीला आलेला असतो आणि नव्वद ग्रॅमवाला निवांत झोपतो. अमेरिकेतला एमटॉप्स नावाचा मोठा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ३,०४७ पुरुषांना सरासरी साडेचार वर्षं पाहिलं. ज्यांना औषध नसलेली नुसती बनावट गोळी दिली होती, त्यांच्यातही चार वर्षांत आजार पुढे सरकला तो सुमारे १७ टक्क्यांचा. म्हणजे बहुसंख्य लोक जागच्या जागी राहतात. धागे सैल करणारी आणि गाठ आकसवणारी अशा दोन गोळ्या एकत्र घेणाऱ्यांत तो धोका ६६ टक्क्यांनी कमी झाला.

ही दुसऱ्या प्रकारची गोळी म्हणजे फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड. ती खांब झिजवते. सहा महिने-वर्षभरात गाठ साधारण पाव हिश्श्याने कमी होते. ४८ ग्रॅमला तिचा विचार करणं योग्य आहे, तुमच्या डॉक्टरांशी बोला. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. गुण यायला सहा महिने लागतात, महिनाभरात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. आणि तिने पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला करतात त्या रक्ततपासणीचा, आकडा साधारण निम्मा होतो. पुढे कुठेही पीएसए तपासाल तेव्हा ही गोळी चालू आहे हे सांगा, नाहीतर खरा वाढलेला आकडा साधा समजला जाईल. काहींची कामेच्छा कमी होते किंवा ताठरता कमी होते. लाजू नका, सांगा. टॅम्सुलोसिनबद्दल एकच: मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा, या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा ढिला पडतो. आणि रात्री उठताना आधी काठावर बसा, मिनिटभराने उभे राहा. लघवीसाठी उठताना पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी पाहिली आहेत.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगतो. लघवी पुन्हा पुन्हा तुंबणं, वारंवार जंतुसंसर्ग, पिशवीत खडे, प्रोस्टेटमधून सतत रक्त, मूत्रपिंडांवर ताण येणं, किंवा दोन्ही औषधं नीट घेऊनही जगणं अवघड होणं, यांपैकी काही असेल तर ऑपरेशन टाळू नये. दुर्बिणीतून किंवा लेझरने होतं आणि अडथळा चांगला मोकळा होतो. पण पिशवीचा चिडकेपणा कमी व्हायला काही आठवडे, कधी तीन-चार महिने जातात. नंतर वीर्य उलटं पिशवीत जाणं बहुतेकांत कायम राहतं. आणि बाहेरची साल आतच राहते, म्हणून पुढेही कॅन्सरची तपासणी सोडता येत नाही. साधी वाढ स्वतः कॅन्सरमध्ये बदलत नाही, पण एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतं. तुम्ही सांगितलेल्या चित्रात आज ऑपरेशनची घाई मला दिसत नाही.

वाईट रात्र आलीच तर काय करायचं? पहिलं, कुंथू नका. उभं राहून होत नसेल तर कमोडवर बसा, पाय जमिनीला टेकवा, किंचित पुढे वाका, खांदे सैल सोडा. गार फरशीवर अनवाणी जाऊ नका. ओटीपोटावर कोमट पाण्याची पिशवी ठेवा, कोमट पाण्याने अंघोळ केली तरी चालते. लघवी झाल्यावर लगेच उठू नका, मिनिट-दोन मिनिटं तसंच बसून पुन्हा प्रयत्न करा, उरलेली बरीचशी येते. झाल्यावर चड्डीत थेंब सांडतात ते नळीच्या वळणात अडकलेले असतात. अंडकोशाच्या मागच्या भागावर बोटांनी हलका दाब देत पुढे आणलं की निघून जातात. घाईची लागली तर धावू नका. थांबा, वारा अडवताना आवळतो तसं खालचं अंग पाच-सहा वेळा आवळा आणि सोडा. कळ ओसरते, मग चालत जा. टॅम्सुलोसिनची जादा गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. पहाटे तीनला रक्तदाब उतरून पडाल.

घरच्यांना सांगा, सर. आपल्याकडे पुरुष हे सांगत नाहीत. मग रंकाळ्यावरचं फिरणं सुटतं, जोतिबाला जाणं सुटतं, लग्नात शेवटच्या रांगेत दाराजवळ बसायचं, आणि घरात वाटतं की यांचा स्वभावच तुसडा झाला. मला या आजाराचं सगळ्यात जास्त दुःख याच गोष्टीचं वाटतं, कारण हे नुकसान पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

काही गोष्टी मात्र चढउतार म्हणून सोडायच्या नाहीत. लघवी पूर्ण बंद होऊन ओटीपोट फुगलं तर सकाळची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात जायचं. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात रात्रीही जाता येतं. थंडी वाजून ताप आणि लघवीला जळजळ, तेव्हाही त्याच दिवशी. लघवीत रक्त दिसलं, एकदाच आणि न दुखता दिसलं तरी, तपासणी झालीच पाहिजे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्की. आणि सगळ्यात फसवं लक्षण: कुठेही दुखत नाही, पण रात्री नकळत अंथरूण ओलं होतंय, दिवसाही थोडी थोडी गळतेय. लोकांना वाटतं वय झालं. पुष्कळदा ती तुडुंब भरलेली पिशवी वरून सांडत असते, आणि तिचा दाब मूत्रपिंडांपर्यंत गेलेला असतो. याला कळ नसते म्हणूनच माणसं उशिरा येतात.

तुमच्यासाठी आता एवढं करा. तीन दिवसांची वही आणि महिन्याभराचं कॅलेंडर तयार ठेवा. डॉक्टरांकडून लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी), साखर, आणि निवांतपणे मोजलेली उरलेली लघवी एवढं करून घ्या. शेवटची पीएसए दीड वर्षापूर्वीची असेल तर तीही. मात्र जळजळ किंवा ताप चालू असताना पीएसए करू नका, संसर्गाने तो आकडा उगाच वाढतो. आणि जाताना रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या, सांधेदुखीच्या सगळ्या गोळ्या, आणि कपाटात पडलेली सर्दी-खोकल्याची अर्धी वापरलेली पाकिटंसुद्धा, एका पिशवीत घालून बरोबर न्या.